सूतभर

सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत मेनू नव्हता, माऊस नव्हता. नुसतं बोलायचं, की पडद्यावर ड्रॉइंग उभं राहायचं. म्हणून तर शिरोलीच्या पंप कारखान्यात आठ जणांचं काम आता मंदाकिनी शेटे एकटी करत होती.

"बोल्टचं भोक सूतभर मोठं ठेव," ती सवयीने म्हणाली.

पडद्यावर त्या भोकातून एक बारीक दोरा ओवला गेला.

ती खुदकन हसली आणि ही गंमत दाखवायला शेजारी वळली. बाकीच्या सातही खुर्च्यांवर प्लास्टिकची आवरणं होती.

"अरे बाबा, हे सूत तसलं नव्हे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आमचे शिराळकरकाका रोज म्हणायचे, सूतभर ढील असली की पंपही सुखात आणि फिटरही. लिहून ठेव तुझ्याकडे."

"जरूर, मॅडम. इथे हा शब्द आणखी कोण कोण वापरतं?"

मंदाकिनीची नजर पुन्हा त्या सात खुर्च्यांवरून फिरली.

"कुणी नाही रे. आता मीच."

"मग नोंद होणार नाही," आवाज अदबीने म्हणाला. "शब्दाला निदान दोन माणसं लागतात."