छताची कडी

केक मधोमध बसला.

वसुंधरेने गंजावरचं झाकण उचललं आणि तिला रडूच आलं. आज दत्तजयंती. सकाळपासून तिच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं, आणि ती शेगडीपुढे दुसऱ्यांच्या सणाचा स्वयंपाक करत बसली होती. गंजात रेती तापवून तिच्यात डबा ठेवायचा, ही युक्ती शालिकराम साइटवरून ऐकून आला होता. अंडी मात्र तिने घरात येऊ दिली नव्हती. त्यांच्याऐवजी दही घातलं होतं.

"बसला वाटते," शालिकराम दारातून म्हणाला. "अंडं असतं तर फुगला असता."

"मग तुमीच फुगवा आता."

तिचा उपवास, म्हणून चव बघायचं काम त्याच्याकडे होतं. त्याने खिरीत बोट बुडवून चाखलं, मटाराचा रस्सा चाखला, वाटीभर भातही खाल्ला. केकाला तेवढा हात लावला नाही. "हा नको काढू पाहुण्यायपुढे," म्हणाला आणि पुढच्या खोलीत गेला.

ती खोली तो कालपासून सजवत होता. रेतीच्या डब्यात बाभळीची फांदी उभी केली होती आणि उशीतला कापूस ओढून तिच्या काट्याकाट्याला लावला होता. तो बर्फ. साइटवर फेकलेल्या नकाशांच्या निळ्या कागदाच्या साखळ्या. आणि मधोमध, सिगारेटच्या पाकिटांतली चांदी चिकटवून केलेली मोठी चांदणी.

भांडण त्या चांदणीवरूनच झालं होतं. क्वार्टरच्या छताला लोखंडी कडी एकच. तिला पोरीचा पाळणा टांगलेला असायचा. सकाळी शालिकरामने तो उतरवून मागच्या पडवीत ठेवला होता.

"पाळणा कावून काढला?"

"साहेब काय पाळण्याखाली बसून जेवतीन? दत्ताचं उद्या करू. देव कुठी पळून नाही चालला."

"जन्म आज हाये, अजी. दिवेलागणीले. उद्या कसा होईन?"

"अवो, कुझ्मिन साहेब पयल्यांदा घरी येऊन राहिले. त्यायचा मोठा सण हाये. परमुलखात त्यायचं कोन हाये इथं?"

तेही खरं होतं. रशियाहून आलेल्या कुझ्मिन साहेबाने साइटवर शालिकरामला हाताला धरून क्रेन शिकवली होती. आणि शालिकरामचे वडील नागपूरला एका इंग्रज साहेबाच्या बंगल्यावर माळी होते. पंचवीस डिसेंबरला गोऱ्यांच्या घरी काय काय असतं, हे त्याने लहानपणी खिडकीतून पाहिलं होतं. गोरे म्हटले की नाताळ आलाच. याबद्दल त्याला शंका नव्हती.

तिने एक गोष्ट त्याला सांगितली नव्हती. पहिलं बाळ पाचव्या दिवशी गेलं. दुसऱ्या खेपेला तिने नवस केला : हे जगलं तर दत्तजयंतीला याच्याच पाळण्यात देवाला झोपवीन. नवस बोलून दाखवायचा नसतो, असं तिची आई म्हणायची. पोर आता सात महिन्यांची होती. आणि पाळणा पडवीत, लाकडांच्या ढिगावर.

पाहुणे साडेपाचच्या ठोक्याला आले. कुझ्मिन साहेब, त्याची बायको नीना आणि दुभाष्या नरहरी. वसुंधरा पुऱ्या तळत होती. खिडकीबाहेर उजेड उतरत चालला होता. शेजारच्या क्वार्टरात दिवा लागला. तिच्या हातातली पुरी जळली.

पुढच्या खोलीत नरहरी म्हणाला, "शालिकभाऊ, साहेब विचारून राहिले, हा तुमचा कोन्ता सण?"

"आमचा कुठला? त्यायचाच. क्रिसमस."

नरहरीने सांगितलं. नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं.

"ते म्हणतात, आमच्या घरी हा दिवस नाही करत. आमचं झाड नव्या वर्षाले. तुमी सणाच्या जेवणाले बोलावलं, तं त्यायले वाटलं सण तुमचा हाये. बाई पोरीसाठी भेट घेऊन आली."

नीनाने पुडकं सोडलं. लाल लोकरीची टोपी.

शालिकराम बाभळीकडे पाहत राहिला.

"मग आज तुमच्यात काहीच नसते?" नरहरीने विचारलं.

परक्या पुरुषांपुढे वसुंधरा कधी बोलली नव्हती. ती झारा घेऊन तशीच दारात आली.

"असते. आज दत्ताचा जन्म असते. पाळणा हलवाचा असते."

साहेबाने दोनच शब्द विचारले. नरहरीने ते मराठीत सांगितले, "पाळणा कुठी हाये?"

शालिकरामची नजर वर गेली. तिच्यामागोमाग साहेबाची. कडीची आतली बाजू दोरीने घासून चकचकीत झाली होती. कागदाच्या चांदणीसाठी छतात एवढं लोखंड कोणी ठोकत नाही, हे त्याला दुभाष्याशिवाय कळलं. त्याने बूट काढले, स्टूल ओढलं आणि चांदणी उतरवून नीनाच्या हातात दिली.

शालिकराम पडवीकडे धावला.

पाळणा टांगला गेला तेव्हा बाहेर अजून थोडा उजेड होता. वसुंधरेने दिवा लावला. दत्ताची पितळी मूर्ती पाळण्यात डगमगू लागली, म्हणून तिने ती लाल टोपीत बसवली. मग पोरीला मांडीवर घेऊन दोरी हातात धरली. पहिल्याच झोक्याला तिचे डोळे भरून आले.

"काय झालं वो?" शालिकरामने हळूच विचारलं.

"नवस फिटला."

"कोन्ता?"

तिने मांडीवरच्या पोरीकडे पाहिलं. त्यानेही दोरीला हात लावला.

आता नैवेद्य हवा. ती स्वयंपाकघरात गेली. खीर त्याने चाखलेली. भात चाखलेला, रस्सा चाखलेला. उष्टं देवापुढे कसं ठेवायचं? आणि गोडाशिवाय नुसत्या पुऱ्यांचा नैवेद्य कसा दाखवायचा? कोपऱ्यात एकाच डब्याला कोणाचं बोट लागलेलं नव्हतं. अंडंही नव्हतं त्यात.

देवापुढे ठेवून झाल्यावर तिने सगळ्यांच्या हातावर तुकडा तुकडा ठेवला. नीनाने तो उलटून पाहिला आणि काहीतरी विचारलं.

"केक, केक," शालिकराम ओशाळून म्हणाला.

वसुंधरेने नाही म्हणून मान हलवली.

"परसाद," ती म्हणाली, आणि तिने उपवास सोडला.