गोड्या पाण्याची बाटली

“पुढच्या वर्षी बोटीत बाईमाणूस एकच घेणार!” क्लबचा सेक्रेटरी धक्क्यावरून ओरडला. “आज दोघी जा. परत आलात की फोटो बघतो आणि ठरवतो.”

बोटीत पुरुष फोटोग्राफर पाच होते. त्यांच्यातला कोण राहणार, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. बिस्किटं खात सगळे हसले तेवढे.

ताई हसल्या नाहीत. शिडाच्या होड्यांच्या शर्यती टिपता टिपता त्यांचे गुडघे कामातून गेले होते. या बोटीतली बसायची फळी मिळायला बारा वर्षं लागली होती. आणि ही कालची पोर, आली काय, शेजारी बसली काय!

“ताई, परत आल्यावर दोघींनी मिळून सांगू या का?” ती नवी मुलगी हळूच म्हणाली. “दोघींनाही ठेवा म्हणून?”

“तू सांग. तुझं जाण्यासारखं काही नाही अजून.”

पहिल्या होड्या वळणाच्या तरंगत्या बोयाजवळ आल्या, तशी बोट चालवणाऱ्या काकांनी ती पुढे घातली. तेवढ्यात एक लाट थेट अंगावर आली. ताईंनी पाठ फिरवून कॅमेरा पोटाशी धरला; अंगवळणीच पडलं होतं ते. नवी मात्र तोंडापासून लेन्सपर्यंत भिजली. उन्हावाऱ्यात पाणी बघता बघता वाळलं आणि काचेवर मिठाचा पांढरा थर राहिला.

“अगं आई गं! ताई, फडकं आहे का एखादं?”

ताईंच्या पिशवीत फडकं होतं आणि गोड्या पाण्याची बाटलीही होती. आधी फडकं ओलं करायचं, मग काच टिपायची. कोरडं फिरवलं तर मिठाचे कण काच खरवडतात. काकांनासुद्धा हे पाठ होतं, दर शर्यतीला बघत होते ते. ताईंचा हात बाटलीकडे गेला. मग त्यांनी ती बाहेर काढून पायाने फळीखाली सरकवली आणि नुसतं फडकं पुढे केलं.

“घे.”

“किती बरं झालं तुम्ही होतात!” म्हणत नवीने काच जोर लावून पुसली. काकांनी मान वळवून एकदा ताईंकडे पाहिलं. ताईंना स्वतःची लाज वाटली. तरी त्यांनी फोटो काढले, आणि मेले नेमके चांगले आले.

धक्क्यावर सेक्रेटरीने नवीचा कॅमेरा हातात घेतला. बोयापासून पुढच्या प्रत्येक फोटोत तेच धुरकट फराटे.

“काच काय घासणीने घासलीस?” तो म्हणाला. ताईंच्या फोटोंवरून त्याने नुसता अंगठा फिरवला. “बघितलंत? म्हणून नको म्हणतो मी. बायकांचं कामच नाही हे. पुढच्या वर्षी त्या फळीवर माझा मेहुणा बसेल.”

“माझ्या कामात खोट दाखवा!” ताई कडाडल्या.

“तुमच्यात नाही हो, ताई. पण एकीला ठेवलं की तिच्यामागे दुसरी येतेच. ही कटकटच नको.”

ताईंच्या तोंडाशी आलं होतं, की पोरीचं काम वाईट नाही, काच का खरवडली ते मला विचारा. पण ते सांगायचं कसं?

नवीचे डोळे भरून आले होते, तरी ती मध्ये पडली. “सर, चूक माझी आहे, ताईंना का काढता? त्यांनी तर स्वतःचं फडकं दिलं मला पुसायला.” तिने ते वर धरून दाखवलं.

पाचही फोटोग्राफर त्या कोरड्या फडक्याकडे बघत राहिले.

बोट बांधून काका पायऱ्या चढून आले. त्यांनी बाटली ताईंच्या हातात दिली.

“फडकं भिजवायची बाटली विसरलात, ताई,” ते म्हणाले. “भरलेलीच आहे.”