नादुरुस्त बोट

"आमची बोट नादुरुस्त आहे, मॅडम," इन्स्पेक्टर धुमाळांनी फोनवर ठोकून दिलं. बोट कोरी करकरीत होती, पण उद्या मंत्र्यांना दाखवायची होती. शेजारच्या ठाण्याच्या तोरस्कर मॅडम ती पुरात अडकलेल्या गुराख्यासाठी मागत होत्या.

दुपारी मॅडमचा पुन्हा फोन आला. "दोर बांधून काढला त्याला. माझा एक हवालदार मार लागून दवाखान्यात आहे. बरं, तुमच्या बोटीसाठी आमचा मेकॅनिक पाठवलाय. पूर आता तुमच्या हद्दीकडे सरकतोय, अडायला नको."

धुमाळांनी फोन ठेवला, तोवर मेकॅनिक दारात हजर.

पहिल्याच झटक्याला इंजिन सुरू झालं. त्याने गोंधळून विचारलं, "मॅडमना काय सांगू, साहेब?"

धुमाळांची मान वर होईना. "खरं तेच सांगा," ते कसंबसं म्हणाले.