खांड पडली

दर्शनानं हात खाली केला आणि यंत्रानं खारबांध मधोमध फोडला. भरतीचं पाणी तिच्या वडिलांच्या भातशेतात शिरलं.

या पाण्याबरोबर प्रयोगशाळेत घडवलेली खारफुटीची रोपं येणार होती. वर्षभरात त्यांचं दोन पुरुष उंच जंगल होणार होतं. समुद्र थोपवायला हे काँक्रीटच्या भिंतीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं, हे गणित दर्शनाचंच. फक्त जंगलाला जागा लागते, आणि गणितात सगळ्यांत स्वस्त जागा तिचं स्वतःचं गाव निघालं. ग्रामसभेनं होकार दिला होता. घरोघर सामानही बांधून झालं होतं.

तरी पाण्याचा आवाज ऐकताच कुणीतरी ओरडलं, "खांड पडली रे! धावा!"

बांधाला भगदाड पडलं की पिढ्यान्‌पिढ्या हाच पुकारा व्हायचा. माणसं पेंढा आणि चिखलाचे गोळे घेऊन धावली. बांधावर पोचल्यावर त्यांना सगळं आठवलं, आणि ती जागीच थांबली.

दर्शनाचे वडील मात्र कमरेएवढ्या पाण्यात उतरून खांड बुजवू लागले.

"आबा, वर या! पाणी ओढून नेईल!"

"तुझी झाडं उभी राहतील इथं, नि मी नाय होय?"

"आबा, ऐका ना."

आबा थबकले. "किती गावं वाचतील म्हणालीस गो?"

"बावीस."

"आपलं धरून?"

"आपलं सोडून, आबा."

त्यांनी हातातला चिखलाचा गोळा तिच्यापुढे धरला.

"मग ह्यो कुठं लावू, सांग."