डावरीला वेळ नाही

"या दालनात ग्राहक स्वतःच्या पसंतीनेच कारागीर निवडतो, कुणाचा ग्राहक कुणीही वळवू शकत नाही."

नव्या व्यवस्थापनाने हे वाक्य चौकटीत घालून सलूनच्या दर्शनी भिंतीवर टांगले होते. त्याचा पूर्वार्ध खोटा होता आणि उत्तरार्ध भाबडा. पसंती करायची तर समोर दोघीजणी दिसाव्या लागतात. ग्राहकाला दिसत होता फोन, आणि फोनवरच्या यादीत सर्वांत वर दिसे ती, जी आधीपासूनच वर होती. जुन्या मालकीणबाई गिऱ्हाइके पाळीने वाटून देत. त्यांच्याकडून दालन घेतलेल्या कंपनीने खुर्च्या भाड्याने दिल्या, गिऱ्हाईक शोधण्याचे ओझे कारागिरांच्या डोक्यावर ठेवले आणि त्या ओझ्याला स्वातंत्र्य असे नाव दिले.

नखांच्या कामाच्या खुर्च्या दोन होत्या. एक ताईची, दुसरी डावरीची. ताईला सगळेच ताई म्हणत. डावरी डाव्या हाताने काम करी. हे नाव तिला ताईनेच ठेवले होते आणि कामही ताईनेच शिकवले होते. आता केस सरळ करण्याच्या यंत्रांना जागा हवी होती. नखांची एकच खुर्ची राहील, कुणाची ते महिनाअखेरीस ठरवू, असे व्यवस्थापकाने सांगून टाकले होते.

ताईची जुनी गिऱ्हाइके मालकीणबाईंबरोबरच पांगली होती. तिने हातपाय मारले. शिंप्याच्या दुकानात आणि दातांच्या दवाखान्यात आपली कार्डे ठेवली. भाचीला शेजारी बसवून नखांचे फोटो फोनवर चढवले.

"मावशी, एखाद्या फोटोत तू पण हास की," भाची म्हणाली.

"बायका नखं बघायला येतात. दात बघायचे तर दवाखाना आहेच."

आणि खरोखरच गिऱ्हाईक येऊ लागले. आधी एखादे, मग रोजचे. ताईचा जीव भांड्यात पडला. पण तो तिथे फार काळ टिकला नाही.

ताई काम सुरू करी ते डाव्या अंगठ्यापासून. एकाच कारागिराची सवय लागलेले गिऱ्हाईक, न सांगता, त्याच्या सुरुवातीचेच बोट आधी पुढे करते. नव्याने आलेल्या बाईने उजवी करंगळी पुढे केली. दुसरीनेही तीच केली. पुढे तर कुणी समोर बसले की ताई आधी करंगळीकडेच पाही. उजव्या करंगळीपासून सुरुवात करणारी त्या साऱ्या बाजारात एकच होती, आणि ती पार्टिशनच्या पलीकडे बसत असे. कुणी पाठवले, असे विचारले की बायका हसून विषय बदलत.

मत्सराला पुरावे शोधावे लागत नाहीत. दिसेल त्याचा तो पुरावा करतो. डावरीला सवड नसली की मग आमची आठवण, हे ताईने स्वतःशी पक्के केले. एकेकाळी जिचे बोट धरून शिकवले, तिचे उष्टे आता आपल्या वाट्याला. आलेल्या बाया पुन्हा आल्या, तिसऱ्यांदाही आल्या. त्यानेही तिचे समाधान झाले नाही. बोट तर त्या अजून तेच पुढे करीत होत्या.

पार्टिशनपलीकडून डावरीचा फोनवरचा आवाज येई, "आज मला अजिबात वेळ नाही हो." पाहावे तर खुर्ची रिकामी. उन्हे उतरायच्या आत पिशवी खांद्याला लावून ती बाहेर पडलेली असे. खुर्ची रिकामी असताना जिला वेळ नाही, ती लोकांच्या घरी जाऊन काम करते, हे समजायला विद्वत्ता लागत नव्हती. कंपनीच्या नियमात याला क्षमा नव्हती: दालनातले गिऱ्हाईक बाहेर वळवले की खुर्ची गेली.

त्यात आणखी एक खोड. ताईकडून उठलेल्या प्रत्येक बाईच्या बोटांकडे डावरी टक लावून बघे, जणू आपल्या मालाला कुठे ओरखडा तर गेला नाही ना.

"काय गं, हल्ली फार धावपळ?" ताईने एकदा टोचलेच.

"चाललंय, ताई. तुमच्याकडे मात्र बरी गर्दी असते."

"उरलंसुरलं येतं आमच्याकडे."

डावरीने कानशीवरची पूड फुंकली. ताईने त्याला माज म्हटले.

दुसऱ्याच दिवशी तिने व्यवस्थापकाकडे तक्रार केली. त्याने दोघींना काचेच्या खोलीत बोलावले. गिऱ्हाईक वळवता येत नाही असे भिंतीवर लिहून लावणारा तोच माणूस आता गिऱ्हाईक वळवल्याचा आरोप गंभीर चेहऱ्याने ऐकत होता. ताईने सारे क्रमाने मांडले: करंगळी, फोन, रिकामी खुर्ची, दुपारचे निघून जाणे. आवाज चढवला नाही. त्याची गरजच नव्हती.

व्यवस्थापकाने डावरीला बजावले की आरोप खरा असेल तर खुर्ची आजच सोडावी लागेल, आणि खोटा असेल तर तिने एकदा नाही म्हणावे, विषय तिथेच संपेल. नाही म्हणणे अगदी सोपे होते. डावरी त्याच्याकडे न बघता ताईच्या हातांकडे बघत राहिली. मग बोलली. तिचे शब्द असे होते:

"हो, गिऱ्हाइकं मी वळवली. पण बाहेर नाही, ताईंकडेच. शिकले तेव्हापासून जो तो म्हणतो, ताईंचा हात वेगळाच. मग मला वेळ नाही म्हणून सांगायचे, एकदा त्यांच्याकडे बसून या म्हणायचे. माझं नाव घेऊ नका, एवढंच. वाटायचं, एक तरी परत येईल आणि म्हणेल, नाही गं, तुझाच हात चांगला. म्हणून एकीमागून एक पाठवत गेले. परत कुणीच आलं नाही. रिकाम्या खुर्चीत बसवेना म्हणून दुपारीच घरी जायचे. आता पाठवायलाही कुणी उरलं नाही."