मिठीतला चेहरा

युद्धपटाचा शेवटचा प्रसंग तेवढा राहिला होता. दोन शत्रू सैनिक खंदकात बंदुका टाकतात आणि सख्ख्या भावांसारखी मिठी मारतात. पण मिठीत कॅमेऱ्याकडे एकाचाच चेहरा येतो, आणि मिशीवाला नट काय नि दाढीवाला काय, दोघांनाही तो आपलाच हवा होता. सकाळपासून अकरा वेळा मिठी झाली आणि अकराही वेळा त्यांनी एकमेकांना असं फिरवलं, की खंदकात भोवराच सुटला म्हणावा! उद्या तर खंदक बुजवायचा होता. ऊन कलायला लागलं तसा दिग्दर्शकाचा तोल सुटला. "चेहरे हवेत काय? आता दोघांच्या नुसत्या पाठीच दाखवतो, बसा बोंबलत!" असं ओरडून तो तरातरा तंबूमागे निघून गेला.

डोक्यावर पाणी मारून परतला, तो काय बघतो! दोघे एकाच खोक्यावर, खांद्याला खांदा लावून, एका कागदावर डोकी जोडून बसलेले. त्याला भरूनच आलं. "देवा, पावलास रे बाबा!" म्हणत त्याने आभाळाला हात जोडले आणि पाऊल न वाजवता तो त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला.

कागदावर निर्मात्यांच्या नावे अर्ज होता: 'हा दिग्दर्शक बदला, नाहीतर आम्ही दोघेही निघालो.'



"पहिली सही तुमची, दादा," दाढीवाला म्हणत होता, आणि मिशीवाला पेन त्याच्याच हातात कोंबत होता, "छे रे, तो मान तुझा!"