आईकडून आलेलं

दाढ काढून दोन दिवस झाले तरी लेकीच्या तोंडातलं रक्त थांबेना. जिल्हा रुग्णालयात तपासण्या केल्यावर डॉक्टरीणबाई कुंदाला म्हणाल्या, "रक्त गोठवणारा एक घटक हिच्यात जन्मतःच कमी आहे. औषधाने आटोक्यात राहील. घरात कुणाला असा त्रास?"

"मलाही पाळीत फार जातं. आणि आई... धाकट्या बहिणीच्या जन्मावेळी तिचं रक्त थांबलंच नाही."

"मग हा आजार तुमच्या आईकडूनच आला असणार."

आईला गिळून जन्मली, असं बहिणीला तीस वर्षं सगळे ऐकवत आले होते. रागाच्या भरात एकदा कुंदाही बोलली होती. बाहेर येऊन तिने फोन लावला.

"रंजू, आई तुझ्यामुळे गेली नाही गं. तिला आजार होता. तुझंही रक्त तपासून घे."

पलीकडून नुसते हुंदके ऐकू येत राहिले. कुंदाने फोन ठेवला नाही.